गल्ल्यावरचा पोलादी घसा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी घसा आहे. हसू नका! दिसायला मी एक इवलासा पेला. पण माझी रुंदी तान्ह्या बाळाच्या घशाच्या मापाने बेतलेली आहे. खेळण्याचा सुटलेला तुकडा माझ्यात टाकायचा. तो अख्खा आत मावला, तर बाळाच्या घशातही अडकेल. मग ते खेळणे नापास!

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात माझा मोठा मान. तपासणाऱ्या बाईने मला टेबलावर ठणठण आपटले, की यंत्रे थांबत. साहेबांनाही विचारायचे नाही, असा नियमच होता.

पुढे कारखान्याच्या आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, दुसऱ्या कंपनीचे स्वस्त खेळण्यांचे दुकान निघाले. आमची गिऱ्हाइके तिकडे वळली. कंपनीत पैसे गुंतवलेल्या भागधारकांनी नफ्याचा तगादा लावला. मग गाड्यांच्या चाकांचे स्क्रू गेले आणि डिंक आला.

तपासणीच्या अक्कांनी अशा एका गाडीचे चाक ओढले. ते टपकन निघाले आणि सुळकन माझ्या पोटात! अक्कांनी मला ठणठण आपटले.

"अक्का, करा की जरा डोळेझाक," पॅकिंगवाला कुरकुरला. "कारखाना बसला तर खायचं काय? घरी पोरं आहेत."

"माझ्याही घरी आहे एक. दिसेल ते तोंडात घालते!"

सर्वांत मोठा वाटा असलेले भागधारक काका तरातरा आले. "गिऱ्हाईक किंमत बघतं हो, तुमचा घसा नाही!"

"त्याला दाखवलाय कुणी?"

"मग ठेवा नेऊन दुकानाच्या गल्ल्यावर! बघू किती रांग लागते ती."

काकांनी टोमणा मारला. अक्कांनी तो हुकूम मानला. स्क्रू परत आले, किंमत थोडी चढली आणि मी आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसलो.

आधी कोणी ढुंकून पाहिले नाही. मग एक आजी आल्या. पलीकडून घेतलेल्या बाहुलीचा निखळलेला डोळा त्यांनी सहज माझ्यात टाकला. तो दिसेनासा झाला.

"अगं बाई! सकाळी हाच नातीच्या तोंडातून काढला मी!"

दुकानातली गिऱ्हाइके माझ्याभोवती गोळा झाली. दुसऱ्या दिवसापासून आया पिशव्या भरभरून खेळणी तपासायला आणू लागल्या, आणि जाताना आमची गाडी घेऊन जाऊ लागल्या. कोणाची नोकरी गेली नाही. भागधारकांना त्या वर्षी नफा बेताचाच मिळाला, पण काका मात्र येईल त्याला छाती फुगवून सांगत, "हा आमचा घसा बरं का!"

तोवर कामगार भागधारकांकडे बोट दाखवत होते आणि भागधारक गिऱ्हाइकाकडे. माझ्या काठाशी ते तिघे प्रथमच एका बाजूला उभे राहिले. आता पलीकडच्या दुकानातही माझा एक भाऊबंद बसला आहे. चढाओढ करायचीच, तर अशी करावी! माझा ऊर अभिमानाने भरून येतो.

मित्रांनो, मी काही घरोघर येऊ शकत नाही. म्हणून धाकट्या भावंडाच्या हाती खेळणे देण्याआधी त्याची चाके, डोळे, बटणे नीट ओढून बघा. काही निघाले, तर ते तडक मोठ्यांच्या हाती द्या. बाळाला सांगता येत नाही, तुम्हाला येते.