बारा पेरं

चार मिनिटं होत आली तरी बायकोचे डोळे मिटलेलेच होते आणि सूपवर साय धरायला लागली होती. लिफ्टवाल्यानं हळूच चमचा उचलला. लगेच पांघरुणातून तिच्या डाव्या हाताचं एक बोट वर आलं. थांब.

म्हणजे झोप लागली नव्हती तर.

गेली तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. दार किती सेकंद उघडं राहतं हे मनगटावरच्या घड्याळात बघायची खोड त्याला होती, आणि ती घरीही सुटत नसे. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं बायकोची उजवी बाजू गेली, वाचा गेली, डाव्या हातातही जेमतेम जोर उरला. त्याआधी जेवणापूर्वीची प्रार्थना ती मोठ्यानं करायची, दोन मिनिटांत आटपायची, मग दोघं मिळून आमेन म्हणायचे. आमेन झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. आता ती मनातल्या मनात प्रार्थना करून डोळे उघडायची आणि आमेन एकटा तो म्हणायचा, बटण दाबावं तसा. त्याची स्वतःची प्रार्थना केव्हाच बंद पडली होती. जिला घोटभर पाणी स्वतःच्या हातानं पिता येत नाही, तिच्या नवऱ्यानं आभार मानायचे तरी कशाचे, असं त्यानं भेटायला आलेल्या पाळकांना तोंडावर विचारलं होतं. पाळक तसेच उठून गेले.

पण त्या चार मिनिटांनी त्याच्या डोक्यात घर केलं. एवढं सगळं हिरावून घेतल्यावर आभार कमी व्हायला हवेत. ते दुप्पट कसे झाले? शेवटी त्यानं तिलाच विचारायचं ठरवलं. एकदा हात दाबला की हो, दोनदा दाबला की नाही, अशी त्यांची भाषा होती.

"माझ्या तक्रारी सांगतेस ना त्याला?"

ती अर्ध्या तोंडानं हसली. हात दोनदा दाबला.

"मग बरं कर म्हणून मागतेस?"

पुन्हा दोनदा.

"नुसते आभार? एवढा वेळ?"

एकदा.

त्याला ते काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी त्यानं जेवणाच्या वेळी मुद्दामच तिच्या हातावरचं पांघरूण बाजूला केलं. तिनं डोळे मिटले आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सव्वीस वर्षं ती संडे स्कूलमध्ये शिकवत होती. सगळे तिला बाई म्हणायचे, लहर आली की तोही म्हणायचा. चार बोटांची बारा पेरं, एका पेराला एक उपकार, असं ती मुलांना शिकवायची. घाऊक आभार तिला चालत नसत. पडलेला दात चालायचा, नवा खोडरबर चालायचा, 'सगळ्यासाठी' मात्र चालायचं नाही.

तो मोजत राहिला. बारा पेरं झाली, घड्याळात दोन मिनिटं झाली. मग अंगठा पहिल्या पेरावर परत आला आणि दुसरी फेरी सुरू झाली.

तिनं डोळे उघडल्यावर त्यानं विचारलं, "पहिली फेरी तुझी?"

एकदा.

"आणि दुसरी?"

तिनं हात सोडवून घेतला, कष्टानं उचलला आणि बोट त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं.

"माझ्या वाटणीचे आभार तू मानतेस? आठ महिने?"

एकदा.

त्याला लाज वाटली, रागही आला. पण त्याहून जास्त वाटलं ते नवल. त्याला स्वतःला शोधून एकही उपकार सापडत नव्हता, आणि हिला रोज बारा?

"माझ्याकडे आहे काय एवढं, बाई?"

तिनं हात दाबला आणि सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सूप समोर ठेवून त्यानंही डोळे मिटले. पहिल्या पेरावर, काल ठसका न लागता तिनं वाटीभर सूप गिळलं होतं. दुसऱ्यावर, चादरी वाळल्या होत्या. तिसऱ्यावर, अडकलेल्या लिफ्टमधून त्यानं एका आजीला सहा मिनिटांत बाहेर काढलं होतं. चौथं जड गेलं. ती हसते, अर्ध्या तोंडानं का होईना. पाचव्यावर गाडी अडली. 'सगळ्यासाठी' म्हणून सुटता आलं असतं, पण ते बाईंना चालायचं नाही.

त्यानं डोळे उघडले तेव्हा तिचे कधीचे उघडे होते. अंगठा स्वस्थ होता. आज तिनं एकच फेरी केली होती आणि ती त्याच्यासाठी थांबली होती. सूप पार गार झालं होतं.

त्यानं तिचा हात हातात घेतला. "चारच झाले, बाई. आमेन म्हणू?"

तिनं हात दोनदा दाबला.

त्यानं पुन्हा डोळे मिटले.