बिनतारेचा माईक

"रीता, तू फक्त मान हलव."

दिग्दर्शकाचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला सहा वर्षं झाली. मुंबईच्या एका स्टुडिओत, टीव्ही मालिकेच्या पुठ्ठ्याच्या अंतराळयानात. मित्रांनो, ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण मान तिची आणि तिच्या डोक्यावर मी, म्हणून मीही हललो. अंतराळवीराचा टोप म्हणतात मला. आता जुना झालो आहे, चंदेरी रंग उडाला आहे.

मोटरसायकलच्या हेल्मेटातून माझा जन्म झाला. रंगाऱ्यानं मला चांदीसारखं केलं, पुढे काच बसवली, ओठांजवळ एक माईक चिकटवला. त्याला तार नव्हती, नुसता शोभेचा. यानाच्या कॅप्टनच्या आणि इतरांच्या टोपांना होती. उद्या माझीही जोडतील, असं मला किती दिवस वाटत राहिलं.

रीता नवेगावबांधकडची, तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांची पोर. झाडीपट्टीच्या नाटकांत तिचा आवाज मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. पण मालिकेतल्या यानात 'कुणीतरी जंगलाकडचं' हवं होतं, म्हणून तिला घेतलं. चकचकीत पोशाखावर कवड्यांची माळ घातली. आमच्याकडे अशी कुणी घालत नाही, असं ती म्हणाली, तर सगळे हसले. जाहिरातीच्या चित्रात ती मधोमध होती, मालिकेत खांबाआड.

मग पाण्याचा भाग आला. कोरड्या ग्रहावर पाणी अडवायचं कसं, हे लिहिणाऱ्यांना सुचेना. रीताच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी तलाव बांधलेले. तिनं तिच्या बाबांचं, मनिरामचं, म्हणणं सांगितलं: पाण्याला जाऊ द्यायचं, जिथं ते दमतं तिथं मातीच्या बांधाची पाळ टाकायची. दिग्दर्शक खूश झाला आणि ते वाक्य त्यानं कॅप्टनला दिलं. रीतानं मान हलवली. माझ्या काचेवर आतून वाफ धरली. मी ती कशानं पुसणार?

मालिका संपली. कॅप्टनचा टोप काचेच्या कपाटात गेला. मला भंगारात टाकत होते; रीतानं मागून घेतलं आणि गोंदियापर्यंत मांडीवर घेऊन आली.

तेव्हापासून मी लाखोळीचं बी पोटात घेऊन फळीवर बसलो आहे. घरी पाहुणा आला, की मनिराम मोबाईलवर पाण्याचाच भाग दाखवतो. शेजारचा लीलाधर एकदा म्हणाला, "हा कॅप्टन त आपल्या कोहळ्यायपैकीच दिसते." सगळे पोट धरून हसले. मुंबईची एवढी मोठी माणसं, पण तलावाचं सारं त्यांना ठाऊक, असं मनिराम अभिमानानं सांगत राहिला. रीता दर वेळी चहाच्या निमित्तानं आत जाते. कुणाचं वाक्य ते, मला माहीत आहे. पण माझ्या तोंडाला तार नाही.

काल मुंबईहून फोन आला. मालिका पुन्हा सुरू होते आहे. तेच यान, तोच खांब, तीच माळ. रीतानं उद्या कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. मनिरामनं मात्र बी टोपलीत ओतलं, दुपट्ट्यानं मला पुसून लख्ख केलं. आज सकाळपासून तो पोरीच्या मागं लागला आहे.

"काऊन नाही जाऊन राहिली? बापाले त सांग."

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखा टोप कुणाच्या डोक्यावर ठेवाल, तर एवढंच करा. त्याची तार जोडून द्या.

रीता टोपलीतलं बी निवडू लागली. पोरीचा रुसवा काढावा म्हणून मनिरामनं मला उचललं, तिच्या डोक्यावर ठेवलं आणि हसत म्हणाला, "म्हण पाहू, कॅप्टन कसा म्हणते ते."

काचेवर पुन्हा वाफ धरली. मग त्या बिनतारेच्या माईकजवळ तिचे ओठ आले.

"ते मीच सांगतलं होतं, बाबा. तुमचंच बोलणं होतं ते. मले म्हणू नाही देल्लं."