साडूची शेगडी

"याला सांग, दार उलट्या बाजूला उघडतंय," स्टोअरकीपर मेहुणीला म्हणाले.

'हा' तीन हातांवरच उकिडवा बसला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. पण धाकट्या साडूशी थेट बोलायचं नाही, असा स्टोअरकीपरांचा जुना शिरस्ता होता. काही सांगायचंच झालं तर ते मेहुणीमार्फत.

"उजवीकडं उघडलं काय नि डावीकडं उघडलं काय, अण्णा," साडू हसत म्हणाला. "आग काय दार उघडून फिरायला जाणारे?"

स्टोअरकीपरांनी खुर्ची थोडी लांब सरकवली. या हसण्याचीच त्यांना शिसारी होती. काम बिघडलं की माणसाचा चेहरा पडला पाहिजे. याचा उलट खुलायचा.

साडूच्या पुढ्यात एक लोखंडी टाकी आडवी पडली होती. पंक्चरवाल्याचं दुकान बंद झालं तेव्हा त्याच्याकडची ही हवेची टाकी याने व्हॅनमध्ये घालून घरी आणली. तेव्हापासून वर्षभर ती भिंतीला टेकून गंज खात होती. आता तिला लोखंडी अँगलचे चार पाय लागले होते, एका तोंडाला कापून दार बसवलं होतं आणि मागच्या अंगाला, वर, धुरासाठी भोक पाडायचं चाललं होतं. अंगणात बसून शेकायची, वर भांडं ठेवलं तर पाणीही तापवायची शेगडी होणार होती म्हणे.

होणार होती. त्या अंगणात 'होणार' असलेल्या वस्तूंना तोटा नव्हता. एक सायकल कित्येक वर्षं चाकं वर करून उभी होती. झोपाळ्याचा सांगाडा होता, बसायला पाट नव्हता. धुण्याचं यंत्र आतडी बाहेर काढून पडलं होतं आणि त्यात मेहुणीने कोथिंबीर लावली होती. आरंभशूर हा शब्द कुणीतरी याला बघूनच काढला असावा, असं स्टोअरकीपरांना वाटे. स्वतः त्यांनी उभी हयात सरकारी कोठारात काढली होती आणि सहीशिवाय एक वॉशर कधी बाहेर जाऊ दिला नव्हता. आणि हा बेकरीची व्हॅन चालवायचा. तीही वाकडी लावायचा.

पत्नी वारल्यापासून स्टोअरकीपर दर रविवारी इथे जेवायला येत. ज्या घरचं जेवायचं त्याच घरच्या माणसाला नावं ठेवावीत का, हा प्रश्न त्यांना पडत नसे. जेवण मेहुणीच्या हातचं होतं आणि नावं तिच्या नवऱ्याला होती. दोन्ही खाती वेगळी.

दुपारी एकदाचा पाईप बसला आणि साडूने आत लाकडं रचून काडी लावली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाईप सोडून बाकी सगळीकडून धूर आला. दाराच्या फटीतून आला, पायांच्या सांध्यातून आला, आणि टाकीवरचा जुना रंग पेटून त्याचा असा काही दर्प सुटला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दोरीवरची चादर मेहुणीने ओढून काढेपर्यंत काळवंडली होती. साडू खोकत, डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "पेटली तर खरी."

स्टोअरकीपरांना कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

जेवायला बसल्यावरही त्यांना तो आनंद आवरेना. साडू हात धूत होता. काजळी निघत नव्हती.

"माणसानं आयुष्यात एक तरी काम पुरं करावं," ते मेहुणीला म्हणाले. "तुझ्या बहिणीला कधी बोललो नाही, पण तुझ्या वडिलांनी एक मुलगी घरात दिली आणि दुसरी भंगारात."

मेहुणीने वाढायचा डाव भांड्यात ठेवला. ती सहसा उलटून बोलत नसे.

"ही शेगडी आमची नाही, भाऊजी," ती म्हणाली. "ताईनं करायला सांगितली होती."

"कुणाला?"

"यांना. आजारात तिचे पाय सारखे गार पडायचे. म्हणाली, अंगणात शेकत बसता येईल असं काहीतरी करा. तेव्हा आणलेली आहे ती टाकी."

"मग मला सांगायचं. मी काय मेलो होतो?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

 काय म्हणाले असते ते स्टोअरकीपरांना ठाऊक होतं, कारण ते तिला म्हणून झालं होतं. दोन मोजे घाल. शेकून काय होतंय.

"अगं, जेवू दे त्यांना," साडू दारातून म्हणाला.

पण स्टोअरकीपर उठले होते. ताटात अर्धं अन्न तसंच होतं, आणि त्यांनी ताटात कधी शीतही टाकलं नव्हतं.

घरी चालत जाताना त्यांनी साडूला मनातल्या मनात सोलून काढला. तिने सांगितलं तेव्हा हाडाचा कारागीर असता तर आठवड्यात करून दिली असती. याने टाकी भिंतीला टेकवली आणि हसत राहिला. ती गेली, तरी टाकी तिथेच. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं. इतक्या भक्कम कारणासाठी माणसाला तुच्छ मानायला मिळणं हीही एक सोय असते. घर येईपर्यंत ती त्यांना पुरली. कुलूप उघडल्यावर पुरली नाही.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. पाव दुधात बुडवून खाल्ला. त्यानंतरच्या रविवारी, चार वाजता, बेकरीची व्हॅन त्यांच्या दारात वाकडी येऊन उभी राहिली.

"चला अण्णा," साडू खिडकीतून म्हणाला. "पाईप वाढवलाय. दाराखाली हवेला भोकं पण पाडलीत. आता धूर ओढतीय मस्त."

"जेवलोय मी."

"जेवायला कुठं बोलावतोय? शेकायला चला." मग म्हणाला, "ही रागाच्या भरात बोलली. तुम्ही मनावर घेऊ नका."

कणा नाही, स्टोअरकीपरांच्या मनात आलं. बोलणी याने खाल्ली आणि समजूतही हाच घालतोय. तरी ते चपला घालून व्हॅनमध्ये चढले. आत सकाळच्या पावांचा वास होता. समोर बघतच त्यांनी विचारलं,

"काय म्हणाली होती ती? नेमकं?"

साडूने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"म्हणाली, पुढं दोन खुर्च्या मावतील एवढी जागा धरा. मी म्हटलं, दुसरी कुणाला? तर म्हणाली, यांना. मी म्हटलं, ताई, अण्णा कशाला येतायत माझ्या अंगणात शेकायला? तर हसली. म्हणाली, नावं ठेवायला येतील. एकदा आले की बसतील."

व्हॅन वळली. स्टोअरकीपरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही काही वेळ घातला नाही.

"उशीर झाला माझ्याकडनं," साडू म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"झाला," स्टोअरकीपर म्हणाले.

अंगणात शेगडी खरंच ओढत होती. नवा पाईप भिंतीच्या वर गेला होता, जरा तिरकाच, आणि धूर मुकाट वर जात होता. पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मेहुणीने चहा आणून दिला आणि आत गेली. स्टोअरकीपर बसले. त्यांनी पाय पुढे केले. ऊब आधी तळव्यांना लागली, मग घोट्यांपर्यंत चढली.

"पाय डगमगतोय हिचा," ते म्हणाले. "खाली चपटा दगड घाल."

"घालतो," साडू म्हणाला आणि उठला नाही. पहाटे चारपासून व्हॅनवर होता. चहा संपायच्या आत त्याची मान छातीवर आली.

अंधारायला लागलं तसा जाळ बसू लागला. स्टोअरकीपर साडूकडे बघत राहिले. तोंड उघडं टाकून झोपलेल्या त्या माणसात तुच्छ मानण्यासारखं अजून पुष्कळ होतं. नखांत काजळी होती, शर्टाचं बटण तुटलेलं होतं, घोरण्यालाही ताल नव्हता. ते वाकले, ढिगातलं एक कोरडं लाकूड निवडलं आणि आत सरकवलं. मनगटावरचे केस चरचरले. त्यांनी हात शर्टाला पुसला. मग रुमाल गुंडाळून शेगडीचं दार दोन्ही हातांनी धरून, लोखंडाचा आवाज होऊ न देता, हळूहळू लावून घेतलं.