रविवारी कुठं जेवलास

योगेंद्रने ‘ओळो चविष्ट होता’ असं लिहिलं, क्षणभर मोबाइलकडे पाहिलं आणि ‘चविष्ट’ खोडलं. त्याच्या मित्राला, भगवंताला, असले शब्द चालत नसत. चविष्ट म्हणजे काय, ते नीट सांग, असं तो म्हणायचा. मग योगेंद्रने लिहिलं, ‘भरिताचं वांगं निखाऱ्यावर भाजलेलं होतं, गॅसवर नाही. सालीचा जळका वास शेवटच्या घासापर्यंत राहतो.’ हे बरं झालं. त्याखाली त्याने लसणाच्या चटणीचं एक वाक्य घातलं, बाजरीच्या रोटल्यावर विरघळणाऱ्या तुपाचं एक घातलं, आणि पाच तारे दाबून मजकूर पाठवून दिला.

उधना स्टेशनबाहेर लिंबाखालच्या बाकावर तो बसला होता. दुपारचा एक वाजत आला होता. भुसावळच्या गाडीची माणसं पिशव्या सावरत, पोरांना ओढत आत धावत होती. योगेंद्रने सकाळी चहात बुडवून दोन टोस्ट खाल्ले होते. त्यानंतर पोटात काही गेलं नव्हतं. ज्या काठियावाडी हॉटेलाबद्दल त्याने आत्ता लिहिलं, ते नवसारी रोडवर, तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. तो तिथं गेला नव्हता. मागच्या रविवारीही कुठं गेला नव्हता. पाच महिन्यांत एकदाही नाही.

एकेकाळी ते चौघं होते. योगेंद्र कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होता. सुकलाल त्याच्याच खात्यात, बळीराम लूमवर, आणि भगवंत रेल्वेत. योगेंद्रची बायको गेली त्या वर्षी सुकलालने ठरवून टाकलं की रविवारी याला घरी एकटं जेवू द्यायचं नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चौघं कुठंतरी जेवायला जात. चौक बाजाराकडची आलू पुरी, लिंबायतमधली शेवभाजी, हुरड्याच्या दिवसांत नदीकाठचा पोंक, असं आठ वर्षं चाललं. जेवण झालं की बाहेर पानाच्या टपरीपाशी उभं राहून चौघं भांडत. डाळ पातळ होती की नव्हती, वेटर उद्धट होता की बिचारा दमला होता. ते भांडण योगेंद्र मोबाइलवर उतरवून काढायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं, म्हणून लिहिण्याचं काम त्याच्याकडे आलं. मोबाइलवर अक्षराचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. शोधणाऱ्याला ते अभिप्राय अजूनही सापडले असते. ‘सुकलालच्या मते मिरची कमी. बाकी तिघांच्या मते सुकलालला डॉक्टरकडे न्यावं.’

सुकलालला खरंच डॉक्टरकडे न्यावं लागलं, पण मिरचीसाठी नाही. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो गेला. बळीराम लूमचं काम सोडून मुलाकडे पारोळ्याला गेला. आणि उन्हाळ्यात भगवंताच्या जिभेवरचा फोड डॉक्टरांनी कापून तपासायला पाठवला.

ऑपरेशननंतर भगवंताची अर्धी जीभ राहिली. गिळणं बंद झालं. पोटाला नळी बसवली. शुद्धीवर आल्यावर त्याने खुणेनं कागद मागितला. घरच्यांना वाटलं, दुखतंय म्हणून लिहील. त्याने लिहिलं होतं, ‘योगेंदर, रविवारी कुठं जेवलास?’

त्या रविवारी योगेंद्र कुठंच जेवला नव्हता. पण पुढच्या रविवारी गेला. वेटरने विचारलं, “कितने आदमी?” तो म्हणाला, “एक.” वेटरने त्याला हात धुवायच्या नळाजवळच्या टेबलावर बसवलं. समोर एक अनोळखी कुटुंब होतं. त्यांनी आपल्या वाट्या जरा आत ओढून घेतल्या. ताट आलं. योगेंद्रने पहिला घास तोंडात घातला, तो बराच वेळ चावला, आणि तो खाली उतरेना. पाण्याबरोबर कसाबसा ढकलला. दुसरा घेतलाच नाही. ताट तसंच ठेवून तो बाहेर पडला आणि घरी जाऊन खिचडी टाकली, तीही निम्मी उरली. भगवंताला मात्र त्याने सगळं जेवण जेवल्यासारखं लिहून वाचून दाखवलं. त्यानंतर जाणंच सुटलं. वाचणं मात्र सुटलं नाही.

आताही तो शटल रिक्षात बसून डिंडोलीला आला. भगवंताचं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. अंजनाबाई, भगवंताची बायको, रविवारी विहारात जायची. मुलगा इच्छापोरच्या कारखान्यात पाळीवर असायचा. घरात सून जागृती होती. तिने नुकतंच मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी मोठ्या सिरिंजने नळीत सोडलं होतं, आणि ती सिरिंज धूत होती.

“या काका. पप्पा केव्हाचे घड्याळ बघताहेत.”

भगवंत खाटेवर टेकून बसला होता. त्याचं बोलणं आता तोंडात गोळा ठेवल्यासारखं येई. घरच्यांना आणि योगेंद्रला ते कळायचं, इतरांना नाही. म्हणून तो इतरांशी बोलेनासाच झाला होता. दारावर कुणी आलं तरी तो पंचा तोंडावर ओढून भिंतीकडे वळे.

“कुठं?” त्याने विचारलं.

“नवसारी रोडवर. तो काठियावाडी, पुलाच्या अलीकडचा.”

भगवंताने डोळे मिटले. योगेंद्रने मोबाइल जरा लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली. भाजलेल्या वांग्यापाशी भगवंताच्या नाकपुड्या हलल्या. चटणीपाशी त्याने हाताने ‘थांब’ केलं.

“लसूण ओला?”

“ओला.”

“पाट्यावरची?”

“मिक्सरची नव्हती, एवढं सांगतो. भरड लागत होती.”

भगवंत हुंकारला. योगेंद्र पुढे वाचत गेला. वाचताना त्याच्या लक्षात आलं की जागृतीने नळ बंद केलाय आणि ती आतल्या दारात हात पुसत उभी आहे. बराच वेळ ती तेच हात पुसत राहिली.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

“काका, एक बोलू? राग नका मानू.”

“बोल की.”

“मी रोज मोपेडवर मार्केटला जाते ना, तिथूनच जाते. ते हॉटेल दिवाळीपासून बंद आहे. शटरवर कागद पण लावलाय.” तिने रस्त्याकडे पाहिलं. “मी पप्पांना काही नाही सांगितलं हां.”

योगेंद्रने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. दुसरंच हॉटेल होतं, नावात घोटाळा झाला, असं काहीही. पण जागृती उत्तराची वाट पाहत नव्हती.

“येतो,” एवढंच तो म्हणाला.

तो आठवडा त्याला लांब गेला. तो एकटा राहायचा त्या खोलीत दिवसभर शेजारच्या लूमचा खटखटाट ऐकू येई. इतकी वर्षं त्याला तो ऐकूही येत नसे. मुलीचा, धनश्रीचा, नाशिकहून फोन आला. जेवलात का, तिने विचारलं. जेवलो, तो म्हणाला. काय? त्याने जे तोंडाला आलं ते सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की वांग्याचं भरीत, चटणी, रोटला, सगळं भगवंताला वाचून दाखवलेलंच तो पोरीलाही सांगत होता. गुरुवारी त्याने नवसारी रोडचा अभिप्राय काढून टाकला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. चौघांच्या दिवसांतला शेवटचा आला तेव्हा थांबला.

रविवारी तो लिंबाखाली बसला नाही. सरळ डिंडोलीला गेला. भगवंताला सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पहिलं वाक्यही ठरवलं होतं.

भगवंत ओट्यावर उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चपला. तोंडाभोवती मोठा रुमाल, मागे गाठ मारलेला. ऑपरेशननंतर दवाखाना सोडला तर तो या उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. त्याच्या मागे जागृती उभी होती, आणि विहारात न गेलेल्या अंजनाबाई.

“दोन दिवसांपास्नं डोकं खाताहेत,” अंजनाबाई म्हणाल्या. “जायचंच म्हणतात. तुम्हीच समजवा भाऊ.”

“कुठं जायचंय?” योगेंद्रने विचारलं.

“जेवायला,” भगवंत म्हणाला.

योगेंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने जागृतीकडे पाहिलं. तिने मान हलवली. म्हणजे तेच म्हणाला होता.

गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यावर, एक नवं काठियावाडी हॉटेल निघालं होतं. दोघं चालत गेले. भगवंत मधेमधे थांबत होता, पण हात धरू देत नव्हता. रविवारची गर्दी होती. घरंच्या घरं आली होती. दारातल्या माणसाने विचारलं, “केटला जण?”

भगवंताने दोन बोटं वर केली.

टेबल भिंतीजवळचं मिळालं. वेटरने दोघांपुढे दोन ताटं मांडली आणि वाढायला सुरुवात केली. भगवंत त्याला नको म्हणाला नाही. ओळो, कढी, शेव-टमाटा, लसणाची चटणी, रोटला. सगळं त्याने आपल्या ताटात पडू दिलं. वाफ त्याच्या रुमालापर्यंत चढत होती. पोटावरच्या नळीजवळ शर्ट किंचित फुगला होता, आणि त्यावर त्याचा डावा हात होता.

“भगवंता,” योगेंद्र म्हणाला, “मला तुला काही सांगायचं होतं.”

“माहीत आहे.”

“जागृतीने सांगितलं?”

भगवंताने नाही म्हणून मान हलवली. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत तो बोलला. योगेंद्र टेबलावर पुढे वाकला.

“तुझी कॉलर बघ. दोन बोटं जातात आत. दर रविवारी एवढं हाणणारा माणूस असा वाळतो का, भो?”

योगेंद्रचा हात कॉलरकडे गेला आणि तिथंच राहिला.

“केव्हापासून माहीत होतं?”

“पावसाळ्यापासून.”

“मग ऐकत का राहिलास?”

भगवंताने ताटातल्या वांग्याकडे पाहिलं. “तू येत होतास ना.”

शेजारच्या टेबलावर एका लहान मुलीने ताकाचा पेला सांडला. तिची आई ओरडली, वेटर फडकं घेऊन धावला. तेवढ्यात योगेंद्रने चष्मा काढला आणि परत घातला. भगवंताने दोन बोटांनी त्याचं ताट जरासं त्याच्याकडे सरकवलं.

“जेव आता. मी बसलोय.”

योगेंद्रने घास घेतला. चावला. समोर भगवंत त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता, परीक्षेला बसलेल्या पोराच्या कागदात मास्तर डोकावतो तसा. घास खाली गेला. दुसरा गेला. चौथ्या की पाचव्या घासाला त्याला कळलं की आपल्याला भूक लागलीय, आणि ती आजची नाही. तो जेवत राहिला. कढी संपली, वेटरने परत वाढली. मग त्याने रोटल्याचा मधला भाग मोडला आणि तुकडा हातातच धरला.

“काय?” भगवंताने विचारलं.

“काही नाही.”

“सांग.”

“कडा चांगल्यात. मधे कच्चा राहिलाय. पीठ लागतंय.”

भगवंताची पाठ ताठ झाली. पाच महिने त्याने सगळीकडचं सगळं चांगलंच ऐकलं होतं. त्याने हात वर करून वेटरला बोलावलं. वेटर आला. भगवंत रुमालाआडून काहीतरी म्हणाला. वेटरने योगेंद्रकडे पाहिलं.

“शुं कहे छे, काका?”

योगेंद्रने तोंड उघडलं. भगवंताने त्याला हाताने थांबवलं. मान मागे वळवून त्याने गाठ सोडली आणि रुमाल काढून टेबलावर ठेवला. एका बाजूला गाल आत गेला होता, ओठ खाली ओढला होता, हनुवटीपर्यंत टाक्यांची रेघ होती. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघतच राहिली. तिच्या आईने तिची मान वळवली, आणि स्वतः बघत राहिली.

“रोटलो,” भगवंत म्हणाला. लाळ सांभाळत, पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने म्हणाला, “रोटलो काचो छे. बीजो लाव. गरम.”

वेटरला या वेळी कळलं. “हा काका, हमणां ज,” म्हणत तो ताटातला रोटला उचलून आत पळाला.

रुमाल टेबलावर तसाच पडून होता. भगवंताने तो उचलला नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून तो मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहत बसला, आणि योगेंद्रही हात ताटाबाहेर धरून, रोटल्याची वाट पाहत बसला.