भरितातलं मीठ

मिठाच्या बरणीत बोटं बुडवली आणि मालनचा हात तिथंच थांबला. भरितात मीठ घातलं, की घालायचं राहिलं?

आज चंपाषष्ठी. देवासला तिच्या दिराच्या, मानाजींच्या घरी धारपासूनचे भाऊबंद जमले होते. खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत लग्न होऊन आल्यापासून मालनच्याच हातचं. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, पण हाताला कधी शंका आली नव्हती. दिवाळीपासून जिभेची चव गेली आणि तिच्यामागोमाग हाताचाही भरवसा गेला. आज चुकलं, तर पुढच्या वर्षी पळी दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"काकी, इतकं काय बघताय?" मानाजींची सून अल्पना आत आली. ती लॅबमध्ये कामाला. मालनचं रक्त तिनंच तपासायला नेलं होतं.

"काल सांगितलंस ते परत सांग बाई. मला काही उमगलं नाही."

"अहो, जिंक कम आहे. जिंक म्हणजे जस्त. पेशीच्या आत ते कमी पडलं ना, की पेशी आपली आपणच मरते. जिभेवर तेच चाललंय."

"जन्मभर जस्ताच्या बादलीनं पाणी भरलं मी! अन् आपली आपण मरते म्हणजे? कुणी मारत नाही?"

"कुणीच नाही."

मालन चुलीपासून मागे सरली. "अगं, मग मला सुतक नाही का? तोंडात रोज मयत, अन् मी देवाचं रांधतेय!"

"काकी, तुम्ही भी ना!" अल्पनाला हसू आवरेना. "पेशींचं कसलं सुतक? गोळ्या घ्या, नव्या येतील. टाइम लागेल."

"अन् नाही आल्या तर?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि अल्पना गेली.

मालन पातेल्याकडे बघत राहिली. चाखायचं नाही, चाखून कळायचं नाही, विचारायची लाज. खारट झालं तर सगळंच वाया. अळणी देव सांभाळून घेतो. तिनं बोटांतलं मीठ परत बरणीत झटकलं.

तळी उचलली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मालननं ताटाताटात मीठ-लिंबू वाढलं आणि शेवटी स्वतःही बसली.

"वहिनी, भरीत फक्कड!" मानाजींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"काकी, हाच हात पाहिजे," धारचे पाहुणे म्हणाले.

मालनचा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाली. ती ताटं उचलायला वाकली. एकाही ताटात मीठ उरलं नव्हतं. तिच्या एकटीच्या ताटात ते वाढलं तसंच होतं.