पाचव्या मजल्यावरची पिवळी फळी

मी एका इमारतीचं मॉडेल बोलतेय. पुठ्ठ्याचं नव्हे, थर्माकोलचंही नव्हे, संगणकातलं. अंगावर नऊ मजले, दोन जिने, शेकडो पाइप, तरी वजन शून्य. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही बाईनं हेवा करावा.

मला ताईनं घडवलं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणतात. साहेबसुद्धा, काम काढून घ्यायचं असलं की जरा जास्तच गोड. पाइप तुळईला धडकला की मी लाल व्हायचे, मग ती तो सरकवायची. स्लॅबमध्ये पाइपांसाठी माणूस मावेल एवढी भोकं ठेवलेली. काम संपेपर्यंत कोणी पडू नये म्हणून त्या प्रत्येकावर तिनं पिवळी फळी दाखवली. साइटवर नकाशे माझ्यातूनच छापून जायचे. त्यात दिसेल तेवढंच तिथे व्हायचं.

एका सोमवारी मालक बघायला येणार होते. साहेब म्हणाले, "ताई, हिला कावीळ झालीय का?"

"सर, भोकांवरच्या फळ्या आहेत त्या."

"असू देत हो. मालकांना इमारत दाखवायचीय, लाकडाची वखार नाही."

ताईनं एक बटण दाबून फळ्या लपवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही जरा उजळल्यासारखं वाटलं. मालक खूश होऊन गेले. फळ्या परत दाखवायच्या मात्र राहून गेल्या. मंगळवारी पाचव्या मजल्याचा नकाशा तसाच छापला गेला, आणि सुताराला तिथे फळी ठोकायला कोणी सांगितलंच नाही.

गुरुवारी गिलावा करणारा मिस्त्री भिंत सरळ आलीय का बघायला दोन पावलं मागे सरकला. तिसरं पाऊल भोकात.

मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा ताई खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

साहेब म्हणाले, "फळ्या दाखवा परत. आणि अहवालात लिहा, फळी त्यानंच काढली."

"सर, त्याच्या घरचे..."

"मग बटण कोणाच्या बोटानं दाबलं, तेही लिहू का?"

ताईनं फळ्या दाखवल्या. अहवालही लिहिला.

आज त्याची बायको आलीय. साहेबांनी तिला माझ्यासमोर बसवलं. "बघा वहिनी, फळी होती. त्यांनीच काढली."

तिनं माझ्या पाचव्या मजल्यावरच्या पिवळ्या फळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ते गिलाव्याचे. सुताराच्या कामाला कधी हात लावायचे नाहीत. पोरं मोठी होऊन हा कागद वाचतील साहेब. बापाची चूक होती, असं नका लिहू."

"लिहून झालंय, वहिनी."

ताई स्वच्छ कीबोर्ड पुसत बसलीय.

वहिनी, उठू नका. माझ्यातून काहीच पुसलं जात नाही. कोणी, कधी, काय लपवलं, सगळ्याची नोंद माझ्या आत आहे. मंगळवारची प्रत उघडायला सांगा. नऊ मजले पेलते मी, पण स्वतःहून एक नोंद उघडवत नाही माझ्याच्यानं. कोणीतरी मागावी लागते. साहेबांना नको, ताईला विचारा. ती नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं.

वहिनी, निदान तिच्याकडे एकदा बघा तरी. दाराकडे कुठे निघालात?