लॉगची रांगोळी

मले पाहाले आलेल्या लोकांनी रांगोळी काढून दाखवाले सांगतली, तवा मले भलताच चेव आला. हिंमतरावांनी, म्हणजे पोराच्या बापानं, चहाच्या पहिल्या घोटालेच सांगून टाकलं होतं: लग्न याच वैशाखात, अन् मग कॉलेज बंद. खामगावच्या कॉलेजात माझं बी.एस्सी. व्हाले दीड वर्ष राह्यलं होतं. ते सोडून मी यायच्या रोहिणखेडले कायले जाऊ? सोयरीक मोडाचीच, असं ठरवून मी अंगणात बसली.

एक आडवी रेघ, एक उभी. मग ठिपके. एकावर शून्य, दोनावर एक वर, चारावर दोन, आठावर तीन. अलीकडं अर्ध्यावर एक खाली, पावावर दोन खाली. ठिपके जोडले, झाला दोनाच्या पायाच्या लॉगरिदमचा, म्हणजे लॉगचा, ग्राफ.

"हे काय व? अर्धीच?" हिंमतरावांची बहीण वच्छलाबाई नाक मुरडून म्हनली. "उभ्या रेघेच्या डाव्या अंगाले काहीच नाही?"

"तिकडं काही नसतेच. शून्याचा लॉग नाही, उण्याचाही नाही."

"अशुभ दिसते व माय!" अन् चिमूटभर रांगोळी घेऊन बाईनं खालचं शेपूट सरळ उभ्या रेघेले जोडून देल्लं.

"टेकवू नका!" मी अशी वरडली का बाबांच्या हातातली बशी सांडली. "कितीही जवळ गेलं तरी टेकत नाही ते!"

"कोकिळे!" बाबा म्हनले. हिंमतराव वहाणा शोधाले उठले. बाबांचं तोंड पाहून मले वाईट वाटलं, पण मनात म्हनलं, सुटली एकदाची.

तेवढ्यात पोरगा, जानराव, इतका वेळ मान खाली घालून बसलेला, उठला. वाकून त्यानं बोटानं तो जोड पुसला. "आत्या, खरंच टेकत नाही. इंटरच्या पेपरात मी दोनदा टेकवलं. दोनदा नापास."

"आमाले तर पोरगा बी.एस्सी. सांगतला होता!" बाबा म्हनले. हिंमतराव लालबुंद. अन् मले असं हसू फुटलं का पदर तोंडात कोंबला. इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर राग तरी कसा धरावा!

"चाल बे घरी!" हिंमतराव गरजले.

"तुम्ही व्हा पुढं, बाबा." जानराव रांगोळीपाशी मांडी घालून बसला अन् मले म्हने, "उजवीकडं शेवटी सपाट होते ना?"

"नाही होत. हळूहळू चढतच राह्यते. आठाच्या पुढं आणखी एक चढाले सोळापर्यंत जा लागते."

"जरा नीट समजावून सांगा ना."

मोडाची होती ना सोयरीक? पण तोंडातून निघालं, "सांगते. लग्न मात्र माझी शेवटची परीक्षा झाल्यावर."

"हाव," तो म्हनला. "मलेही तर इंटरची द्याची आहे."